सहीशिवायचं चित्र

चहा घ्या, तोवर दाजीबाचं सांगतो. लढाईच्या वर्षांत आमच्या तासगावात हा चित्रकार पैशांऐवजी स्वतःची चित्रं द्यायचा. न्हावी, वाणी, कापडवाला आप्पाशेट, सगळे घ्यायचे. अट एकच, सही त्यांच्यासमोर करायची. दाजीबा सही ठोकून म्हणायचा, "घ्या, राजाच्या नोटंपरास ही पक्की हाय!"

तापानं तो तीन दिवसांत गेला. त्याची बायको, यसूवहिनी, शेवटचं चित्र घेऊन कफनाच्या कापडासाठी आप्पाशेटकडं निघाली. मोटेच्या बैलांचं होतं ते. मी म्हणालो, "वहिनी, पैसे मी देतो."

"नगं भावजी. त्येनी कवा कुनाचं फुकट घेतलं न्हाई."

आप्पाशेटनं चित्र उजेडात धरलं आणि सवयीनं बोलून गेला, "आवं वहिनी, ह्याच्यावर सही न्हाई." मग त्याचं त्यालाच कसंतरी झालं. "ऱ्हाऊ द्या. कापड तसंच न्या."

वहिनीनं ऐकलं नाही. दुकानातली अंगठ्याची शाई पुढं ओढली आणि दाजीबा जिथं सही करायचा, त्याच कोपऱ्यात अंगठा उमटवला.

"आता मापा," ती म्हणाली.

एवढा मुरलेला कापडवाला, पण ते कापड मापताना तीनदा चुकला.