रीमची कोरडी चादर

माझं कुणी ऐकलंच नाही गं बायांनो! सौदीत अबकैकजवळ आमच्या कफीलचा, म्हणजे मालकाचा, तबेला होता. माझा नवरा युसुफ घोडे सांभाळायचा आणि खोगिराखालच्या चादरी मी धुवायची. भर उन्हाळ्यात घोडा पहाटे फिरून आला, तरी चादर घामाने चिंब असते. रीम घोडीची मात्र ठणठणीत कोरडी!

मी युसुफला म्हटलं, "अहो, रीमला घाम येत नाही. आतून तापून मरेल ती. कफीलला सांगा."

तो हसला. "चौथी शिकलीस आणि जनावरांची डॉक्टर झालीस? चादरी धू."

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, जा, आता तोंड उघडणार नाही. पुढचे चार दिवस रोज कोरडी चादर हातात आली आणि मी रोज गप्प राहिले.

पाचव्या दिवशी रीम फिरताना कोसळली. पाइपने पाणी मारलं, बर्फ लावला, पण उठली नाही.

तुम्ही युसुफला शिव्या घालताय. तो मूर्ख, पण एकदाच हसला. कफीलचं दार वीस पावलांवर असून चार दिवस फुगून बसली, ती मीच, हमीदा.