लिंबासाठी काढलेला दगड

हैदराबादवरच्या पोलीस ॲक्शननंतरच्या वर्षी माझ्या बहिणीला पहिला मुलगा झाला. तेव्हा औरंगाबादच्या दवाखान्यात चितेगावचे तात्यासाहेब आणि पुंजाराम मिस्त्री आमच्या शेजारी बसले होते; त्यांच्या गावचा वैजनाथ आत जखमी होऊन पडला होता.

"मी लिलावात घेतलेला मिलिटरी ट्रक तू चालू केलास, अन् पूजेतच तो वैजनाथच्या अंगावर गेला कसा?"

"चाकाखाली लिंबू ठेवायला मी अडवणीचा दगड काढला, तात्यासाहेब."

"अन् हँडब्रेक?"

"लागत नव्हता."

"ठाऊक होतं तुला?"

"व्हय."

"मग बोलला का नाय?"

"तुम्ही गावादेखत मला फेटा बांधला. मिलिटरीला जमलं नाय ते आमच्या पुंजानं केलं, म्हणालात. मग सांगायची लाज वाटली."

"आत त्याची बायको बसलीय. जा, सांग तिला."

"तुम्ही चला संगं."

"मी कोणत्या तोंडानं येऊ? नारळ फोडायला त्याला मीच ट्रकपुढं बसवलं."

दोघंही उठले नाहीत. वैजनाथ दुसऱ्या दिवशी, सोमवारी दुपारी वारला.