झाकण नसलेलं पातेलं

नाही, गोणी आत नका आणू. पायरीवरच राहू दे, आणि आता पुन्हा एकदा सावकाश सांगा मला — ही सगळी भांडी लोकांनी दान दिली, तुमच्या कात्रजच्या उन्हाळी शिबिराला, आणि तुम्हाला त्यांच्यावरची नावं पुसून हवीत. बरोबर ऐकलं ना? कारण माझा जन्म गेला भांड्यांवर नावं घालण्यात, कसब्यात कुणालाही विचारा, आणि इथं माणसं येतात ती नाव घाला म्हणून येतात. देवळाला साधी पळी देतील, पण तिच्यावर आजोबांचं नाव, वडलांचं नाव, स्वतःचं नाव, शेवटी ‘यांजकडून सप्रेम’ — दांडा पुरत नाही. दान केलं आणि नाव नको, असा माणूस ह्या पेठेत अजून जन्माला यायचाय. नाव पुसा म्हणत येतो तो एकच, ज्याची भांडी स्वतःची नसतात तो. तुम्हाला म्हणत नाही मी. तुमचं नाव तेजस, टी-शर्टावर शिबिराचं चित्र आहे, चेहराही बरा आहे. पण चोर काय कपाळावर लिहून फिरतात? बसा. पाणी घ्या. तांब्या आमचाच आहे, नाव आहे त्याच्यावर.

आणि हे पातेलं माझ्याच हातात राहू द्या. गोणीत तोंडाशीच होतं म्हणून दिसलं, नाहीतर गेलंच असतं पॉलिशला. हे कुणी दिलं तेवढं सांगा. नाही, आठवा, मला घाई नाही. हे बघा — ‘ऋतुजा’. हे मशिनवरचं नाव नाही, हे छिन्नीनं ठोकून घातलेलं आहे, आणि ठोकणारा मी आहे. ऋतुजा माझी मुलगी. तिच्या लग्नाची भांडी माझ्या माळ्यावर आहेत, ह्याच दुकानाच्या वर, कुलपात, आणि त्यातलं पातेलं तुमच्या गोणीत. आता मी काय समजू? शिवाय झाकण नाही. झाकणाशिवाय पातेलं कुणी दान देतं का हो? झाकण सोडून पळतो तो घाईतला माणूस. पोलीस चौकी काही लांब नाही इथून. बसा, बसा, मी फक्त अंतर सांगितलं.

बरं, शिबिर कुणासाठी? बांधकामावरल्या पोरांसाठी. आई-बाप वर स्लॅब टाकतात, शाळेला सुट्टी, पोरं खाली वाळूच्या ढिगावर, डोक्यावर मे महिन्याचं ऊन — हो, बघतो की मीही, डोळे आहेत मला. आणि तुम्ही त्यांना गोळा करून गाणी शिकवता, सर्पोद्यानात साप दाखवायला नेता, दोन वेळा जेवू घालता. फुकट? आणि तुम्हाला काय मिळतं ह्यात? काही नाही. हे बघा तेजसराव, ‘काही नाही’ म्हणणाऱ्या माणसाची मला फार भीती वाटते. दुकानात गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं, काही नको, नुसतं बघतोय — की मी आधी गल्ल्यावर हात ठेवतो. मागं एकजण असाच आला होता, अनाथ मुलांसाठी म्हणून माझ्याकडून ताटांचा ढीग घेऊन गेला, आणि ती ताटं मी ओळखली कुठं, तर एका खानावळीत. समोर वाढलेलं होतं म्हणून जेवलो, पण भाजी खारट लागली.

आणि नावं पुसायची कशासाठी? शिबिर चालवणाऱ्या तुमच्या ताईंचा नियम. बरं, काय म्हणतात ताई? पोरगं जेवायला बसतं, काठावर दुसऱ्याचं नाव वाचतं, आणि त्याला वाटतं आपण कुणाचं तरी खातोय. घास अडकतो. म्हणून नाव नको, ताट त्याचं त्याला वाटलं पाहिजे... हं. हे बरोबर आहे. म्हणजे बोलायला बरोबर आहे, बोलायला काय लागतं. आमची ऋतुजाही असंच बोलायची. साखरपुडा झाला, मुलगा चांगला, घर चांगलं, आणि ही म्हणते मला लग्न नको, मला ह्या पोरांचं काम करायचंय. हिच्या आईनं दर पाडव्याला एकेक भांडं घेतलेलं, मी एकेकावर नाव घातलेलं, आणि ही म्हणते नको. मग मीही म्हणालो, “संसार मांडशील तेव्हा भांडी ने, तोवर कुलपात.” काय चुकलं माझं? बापानं एवढंही म्हणू नये? ती गेली ती गेलीच, ही पायरी चढली नाही पुन्हा. फोन नाही, सणाला नाही. मीही केला नाही. आपण का करायचा?

तुम्हाला हे सांगायचं कारण नव्हतं. पातेल्याचं बोला. कुणी दिलं?

एका आजींनी. कुठल्या आजी, पुण्यात आजींना काय तोटा आहे? स्वयंपाकाला येतात — दर उन्हाळ्यात? मसालेभात करतात, आणि पोरांना आधी वाढल्याशिवाय स्वतः बसत नाहीत. आणि त्या कोण, तर ताईंच्या आई. असं. आणि ताईंचं नाव... थांबा. नका सांगू. पाणी संपलं का तांब्यातलं?

सासवडला. सासवडला बहिणीकडे जाते म्हणून सांगते आमची श्यामला, ऋतुजाची आई, दर मे महिन्यात. स्वारगेटपर्यंत रिक्षा मीच करून देतो, घासाघीस करून. फोन लावला तर म्हणते इकडं रेंज नसते. परत येते ती हाताला कांद्याचा वास घेऊन, आणि चेहरा असा की जत्रा करून आली. मी म्हणायचो, बहीण राबवून घेते वाटतं. ती म्हणायची, हो ना. हो ना! माळ्याची किल्ली तिच्याच कमरेला, आणि माझे गुडघे वर चढत नाहीत. सगळं न्यायला बसलीय की काय एकेक करून?

एक विचारतो. कात्रजला पॉलिशवाले नाहीत? मग स्वारगेटची गर्दी ओलांडून, गोणी घेऊन, ह्या बोळात यायला कुणी सांगितलं तुम्हाला? आजींनीच. आणि पातेलं गोणीत सगळ्यात वर ठेवा असंही त्यांनीच सांगितलं. तरीच. तरीच आज सकाळपासून आत घरात भांड्याचा आवाज नाही. माळ्याच्या जिन्यात उभी असेल, कान देऊन. हळू बोला.

माझ्यावर ओरडू नको म्हणावं तिला — नाही, तुम्ही कशाला म्हणताय, मीच... पोरं किती जेवतात हो ह्या पातेल्यातून? पोटभर? दुसऱ्यांदा मागतात? म्हणजे मांडलाच की माझ्या पोरीनं संसार. आणि मला कुणी बोलावलं नाही. बोलावलं असतं तर गेलो असतो असं नाही म्हणत मी. वाईट वाटलं, एवढंच.

उठा, जरा तो गल्ला सरकवा. खाली फडक्यात आहे बघा. हेच ते झाकण. नाही, माळ्यावर नव्हतं, इथंच असतं, कधीमधी काढून पुसतो. बसलं बघा, किती घट्ट. आता रिकामं नेऊ नका, रिकामं भांडं कुणाच्या घरी पाठवत नाहीत. चहाची साखर आहे डब्यात, सगळी ओततो, बिनसाखरेचा पिईन मी आज. बाकीची ताटं ठेवून जा, नावं पुसून ठेवतो, परवा न्या. पैसे काढू नका, खिशात ठेवा ते.

ह्याच्यावरचं नाव मात्र पुसणार नाही. ताईंना सांगा, नियम तुमचा चांगला आहे, पण तो दानाच्या भांड्यांना. हे दान नाही. हे तिचंच आहे.

जा आता. जा म्हणतो ना — जिन्यात पावलं वाजताहेत.