चंद्री डाव्या अंगाला घेते

ऐका, आधी एक सांगा. काळोखात विश्वास ठेवायचा कुणावर? नाव घेऊन हाक मारणाऱ्यावर, की तोंडातून शब्दही न काढणाऱ्यावर? हसू नका. याच्या उत्तरापायी माझा जीव जाता जाता राहिलाय.

मी तेव्हा तिशीतला. गूळ-खोबरं विकायचो. शाळेची पायरी चढलो नाही, पण बोलण्यावर दुकान चालवलं. त्या दिवशी बाजार उठायला उशीर झाला. गाडीवाला म्हणाला, "रतनशेठ, मुक्काम करा. कड्याच्या वाटेला चकवा आहे." मी म्हणालो, "त्याला गूळ विकून येतो!" शहाणाच ना मी! कंदील आणि काठी घेतली आणि निघालो.

उजव्या हाताला दरी. निम्मी वाट सरली आणि मागून टप... टप... टप. वळून पाहतो तर खेचर! काळंभोर. मालक नाही, लगाम नाही. दरीच्या बाजूनं आलं आणि मला खेटून चालू लागलं. "हाड्!" केलं. हूं नाही की चूं नाही.

तेवढ्यात दरीकडून हाक. "रतनशेठ, इकडून या, जवळ पडतं." आमच्या उस्मानभाई कापडवाल्याचा आवाज! मी वळलो. खेचर आडवं. बाजूनं निघालो. पुन्हा आडवं.

मग कंदील विझला. वारा नव्हता बरं का! आणि हाक आली, "अहो, किती उशीर? इकडे या ना." बायको! हुबेहूब! मला वाटलं, हे जनावरच भूत. काठी उचलली. एक, दोन, तीन. मारलं हो मी त्या खेचराला. त्यानं मान ताणली, तोंड उघडलं, पण आवाज फुटेना.

तिसरी हाक वडिलांची. "रतन्या, हात दे, पडतोय रे!" वडील जाऊन सात वर्षं झालेली. तरी धावलो. खेचरानं अंगानं रेटलं, मी त्याच्या गळ्याला लटकलो आणि पायाखालचा दगड सुटला. कान देऊन राहिलो... खाली पोचल्याचा आवाज येईना. गळ्याखाली बोटांना टाक्यांचा जाड वण लागला. तो धरून वेशीपर्यंत आलो. तिथं हात रिकामा झाला, खेचर दिसेना.

सकाळी सुभान जगदाळ्याला गाठलं. ब्रह्मदेशाच्या लढाईत खेचरं हाकलेला माणूस. ऐकता ऐकता त्याची चहाची बशी हातातच राहिली.

"डाव्या अंगाला घेतलं तुला?"

"हो."

"आम्ही त्याच अंगाला चालायचो. पलटणीची रीत. चंद्री ती, शेठ. वैऱ्याला ऐकू जाऊ नये म्हणून गळ्याला चीर देऊन खेचरांचा आवाज कापून टाकला होता. मला ताप चढला तेव्हा तिनं अकरा दिवस पाठीवर आणलं. नदीवर नावेत तिला जागा नव्हती. मी मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही." मग हळूच म्हणाला, "इतक्या लांबून चालत आली रे!"

चावडीपुढच्या दगडावर लढाईला गेलेल्यांची एकोणीस नावं होती. विसावं, चंद्रीचं, कोरायला बसलो तर कुणी म्हणालं, "माणसांत जनावर?"

सुभान म्हणाला, "मग माझं खोडा. मी नुसतं ओझं होतो."

कोरलं. आजही आहे, सकाळी बघा.

पण त्या वाटेला अंधार पडल्यावर पाऊल टाकू नका. चकवा अजून हाका मारतो, आणि त्या थकल्या जिवाला किती वेळा उठवायचं? आणि एवढं करा बाबांनो, कुणी कुणाला वाहून आणलं त्याचा हिशोब मांडाल तेव्हा तो खरा ठेवा. ज्यांना मागता येत नाही, त्यांची नावं आधी लिहा.