नलूचं दुसरं उत्तर

उकंडा: बसा प्रफुल्लभाऊ, इथं पोत्यावर बसा. नले, चाय मांड.

प्रफुल्ल: चहा राहू द्या वहिनी. आजाऱ्याला सांभाळणाऱ्यांना किती त्रास होतो, तोच आमचा अभ्यास. मागचेच प्रश्न पुन्हा विचारायचेत, उत्तर मात्र तुमचंच हवं. उकंडादादा जरा आत बसले तर…

नलू: आत कायले? परक्या मानसापाशी मी एकटी बसली तं गावभर बोभाटा होईन. यायले इथंच राहू द्या.

उकंडा: मले कुठं काई दिसते, भाऊ? बोंडअळी आली तं मालकानं जहाल दवाई फवाराले लावली. त्यात डोये गेले, हातबी थरथरते. कान तेवढे शाबूत हायेत.

प्रफुल्ल: बरं, राहू द्या. यांना सांभाळताना त्रास होतो का?

नलू: मागं मी म्हटलं, काईच तरास नाई. नवऱ्याच्या तोंडावर कोनती बाई दुसरं बोलन? शेजारच्या दीपमालानं सासऱ्याचं सारं भडाभडा सांगतलं. तो ठार बहिरा, तिचं काय जाते! आता तुमी धाडलेली मदतीची बाई येते, सासऱ्यापाशी बसते, अन् दीपमाला कापूस वेचाले जाते. मी घरात कोंडली. आज खरंच सांगते.

उकंडा: सांग न. लाजू नको.

नलू: होते तरास. मायी पाठ मोडली. परवा पान्याले गेली तं हे चुलीपाशी सरकले, धोतर पेटलं. तवापासून घर सोडाची सोय नाई. वेचणी सरली का मंग आमी खावं काय?

प्रफुल्ल: यांचा राग येतो का?

नलू: येते. कधी कधी भाकर मुद्दाम उशिरा देते.

उकंडा: मले वाटे, चूल पेटत नसन.

प्रफुल्ल: यांच्यामुळे आयुष्य वाया गेलं, असं वाटतं?

नलू: दवाखान्यात डॉक्टर म्हणे, वाचला तुया नवरा. मी बाहेर येऊन रडली. लोकायले वाटलं, आनंदानं रडून राह्यली.

उकंडा: (भिंतीकडे तोंड करून) मलेबी तसंच वाटलं होतं.

नलू: झालं न भाऊ? आता कवा धाडता बाई?

प्रफुल्ल: वहिनी, उत्तरं बघून बाई पाठवत नाहीत. चिठ्ठ्या आधीच टाकल्या होत्या. निम्म्या घरांना मदत, निम्म्यांना नाही. दीपमालाताईंची निघाली, तुमची नाही निघाली.

नलू: मंग मले काहून इचारता?

प्रफुल्ल: मदत नसली तर त्रास किती वाढतो, तेही बघावं लागतं. नाहीतर मदतीचा उपयोग झाला, हे कळणार कसं? पहिल्या दिवशी वाचून दाखवलं होतं की.

नलू: तवा हे कन्हून राह्यले होते. मायं ध्यान त्यायच्याकडं. अन् आता मी एवढं बोलली, तवा तरी थांबवाचं होतं मले.

प्रफुल्ल: उत्तर चालू असताना मध्ये बोलायची मनाई आहे आम्हाला. पण तुमचं उत्तर फार कामाचं आहे, वहिनी. पुढे अशाच घरांना मदत मिळेल.

उकंडा: आमच्या बाद.

प्रफुल्ल: शेवटचा प्रश्न राहिला. तुम्हा दोघांचं आपसात कसं आहे? चांगलं, बरं, का वाईट?

उकंडा: नले, इचारून राह्यले न ते. बोल… नाई बोलत नलू आता. तुमी मागच्या खेपेचंच लिहा, भाऊ, ‘चांगलं’.