मेल्विनच्या दुकानातली पाटी

“वकील आँटी, ‘विकलेला माल परत घेणार नाही’ अशी पाटी लावली की दुकानदार सुटतो का हो?”

गोराईच्या बोटीसाठी रांगेत उभ्या एलेनने धाडकन विचारलं. “हिंमत असेल तर विचार!” असं मैत्रिणींनी डिवचलंच होतं.

“सुटतो कसला? माल खराब निघाला, तर पाटी असो नसो, परत घ्यावाच लागतो.”

“मग माझंही ऐक!” वकिलीणबाईंची मैत्रीण बेटी उसळली. “माझ्या पोरीने चर्चमध्ये पहिल्या कम्युनियनच्या विधीला गुडघे टेकले आणि नवाकोरा फ्रॉक टर्रकन उसवला! चारकोपचा तो दुकानदार मेल्विन नुसता पाटीकडे बोट दाखवतो.”

“मग खेच त्याला ग्राहक आयोगात, बेटी.”

मेल्विन म्हणजे एलेनचे डॅडी.

वाटेत दुकानात डोकावून घरी पोचताच तिने जाहीर केलं, “डॅडी, मम्मी, ओरडा हवं तर. पाटी मी उतरवलीय. बेटी आँटींना उद्या फ्रॉक घेऊन बोलावलंय, आणि काउंटरवर मी बसणार!”