खैरुनच्या नावाचा हलवा

(पनवेल, २०१४. शब-ए-बारातची दुपार. आज हलव्यावर फातिहा पढायचा, म्हणून आजी घरातल्या मयतांची नावं सांगतेय, नात लिहितेय.)

अल्फिया : बडे अब्बा, बडी अम्मी, गव्हाणचे मामू... पुढचं नाव मी लिहिणार नाही, दादी.

शहाबानो : लिव गं. खैरुन. दरसाल लिवतेस.

अल्फिया : सकाळी सोलापूरहून फोन होता. "खैरुन बोलतेय, शहाबानोची धाकटी बहीण. येऊ का, विचार तिला."

शहाबानो : ...आवाज कसा होता?

अल्फिया : म्हणजे तुला माहीत होतं! कुवेतच्या लढाईत वारली म्हणायचात ना सगळे?

शहाबानो : विमानानं परत आली होती. तिकडं शिपाई घरात घुसले, तिच्यावर न् आणखी दोघींवर जुलूम केला. सगळं सांगितलं अम्मीला, डोळ्यांत टिपूस नाय. रडले ते अब्बा. दुसऱ्या दिवशी मोहल्ल्यात सांगून आले, माझी खैरुन तिकडंच गेली.

अल्फिया : आणि ती?

शहाबानो : आतल्या खोलीत. स्वतःचा फातिहा ऐकत होती. झाल्यावर बाहेर आली, बशी ओढली. "माझ्या नावाचा हलवा हाय ना? मग मीच खाते." चाटूनपुसून खाल्ला. सकाळी मामूनं सोलापूरला पोचवली.

अल्फिया : आणि तू चोवीस वर्षं जित्या बहिणीला मयतांत बसवलंस? शरम नाही वाटली?

शहाबानो : वाटली. गुनाह हाय, तेही ठाऊक होतं. पण अब्बांनी घरात तिचं नाव बंद केलेलं. मोठ्यानं घ्यायला हा एकच दिवस होता मला.

अल्फिया : बडे अब्बांना, तुझ्या अब्बांना, जाऊन नऊ वर्षं झाली, दादी.

शहाबानो : हां. मग माझीच जीभ उचलेना. त्यांच्या नावावर किती दिवस ढकलू?

अल्फिया : संध्याकाळी फातिहा पढायला आलेले अब्दुलचाचा विचारतील, खैरुनचं नाव कुठं गेलं.

शहाबानो : सांगीन, जिती हाय, आमी खोटं बोललो. तिच्यावर काय गुदरलं ते सांगायचं का नाय, तिचं ती ठरवेल. तोंड लपवायचं काम आमचं होतं, लपवलं तिला.

अल्फिया : मग तिला काय कळवू?

शहाबानो : तू कशाला? लाव फोन. दे इकडं... खैरू? आपा बोलतेय गं. ...हां, हलवाच ढवळतेय. ये. या खेपेला माझ्याजवळ बसून खा.